उर्फअण्णा

साताऱ्याच्या प्रत्येक पेठेत एक उर्फअण्णा असतात. कुठल्या तरी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, लेक परदेशी, आणि स्वतःला एकदा व्हिसा मिळाल्यापासून गावाचे व्हिसे आपल्याच शेऱ्याने निघतात अशी पक्की समजूत. फी घेत नाहीत. चहा घेतात आणि तुमची वंशावळ उकरतात. 'उर्फअण्णा' हे नाव गाव त्यांच्या माघारी वापरतं. म्हणजे काटेकोर पाहिलं तर त्यांचा स्वतःचाच अर्ज अपुरा आहे.

अमेरिकेच्या डीएस-१६० अर्जात एक प्रश्न असतो: याआधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का? लग्नाआधीचं, धार्मिक, व्यावसायिक, उर्फ वगैरे. कॅनडावाले तर टोपणनावही विचारतात, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद. बाकीचे लोक इथे 'नाही'वर टिचकी मारून पुढे जातात. अण्णांची बैठक इथून सुरू होते.

"वहिनी, माहेरचं नाव?"

"कुसुम."

"शाळेत?"

"कृष्णाबाई. मास्तरांनी घातलं."

"आणि सासरचं?"

"तांदळात शुभांगी लिहिलं होतं. पण सासूबाई शेवटपर्यंत 'अगं'च म्हणायच्या."

अण्णांचं पेन थांबतं. 'अगं' घालावं का, यावर ते खरोखर विचार करतात.

ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेल्या नावाला ना राजपत्र, ना प्रतिज्ञापत्र. साक्षीला फार तर एक करवली, तीही आता विसरलेली. मग रेशनकार्डावर शुभांगी, सातबाऱ्यावर कुसुम आणि बँकेत कृष्णाबाई, अशा तीन बायका एका तिकिटावर न्यू जर्सीला निघतात. पुरुषांची गत वेगळी नाही. शेजारच्या सांगलीत तर साखर कारखानेसुद्धा वसंतदादा आणि राजारामबापू यांच्या नावाने चालतात. आर. आर. पाटलांचं रावसाहेब हे नाव किती जणांना ठाऊक होतं? गृहमंत्री झाले तरी माणूस आबाच राहिला.

कुणी "एवढं कशाला?" म्हणालं, की अण्णा खिडकीतून अजिंक्यतारा दाखवतात. "१७०० साली औरंगजेबानं तो घेतला आणि नाव ठेवलं आझमतारा. उद्या ह्यानं व्हिसा मागितला तर तेही लिहावं लागंल. शिवाय, कधी अटक झाली होती का, तिथंही 'हो'!"

इस्लामपूरचे एक गृहस्थ जन्मगावाची अडचण घेऊन आले. पासपोर्टवर इस्लामपूर, गाव मात्र २०२५ पासून ईश्वरपूर. अण्णा म्हणाले, "पासपोर्टवर आहे तेच घाला. गावाचं उर्फ विचारत नाहीत ते." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा जरा पडलाच.

सगळीच नावं हसण्यावारी नेता येत नाहीत. २०११च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची 'नकुशी'सारखी नावं समारंभाने बदलली. त्या आता मोठ्या झाल्या. त्यांतली एखादी नर्सिंग करून ब्रिटनला निघते आणि अण्णांसमोर येऊन बसते. एरवी खड्या आवाजात विचारणारे अण्णा इथे चष्मा पुसतात, चहा आला का बघतात. पोरगी मोबाइलमधून मान वर न काढता सांगते, "नकुशी. दाखल्यावर आहे तसंच घाला अण्णा, स्पेलिंग तेवढं चुकवू नका."

अर्जात आणखी एक विचित्र प्रश्न आहे: तुमच्या नावाचा टेलिकोड आहे का? ही चिनी अक्षरांसाठीची आकड्यांची सोय. आपल्याला तिथे 'नाही' म्हणायचं असतं. अण्णांना हे माहीत आहे, पण न विचारता 'नाही' लिहिणं त्यांच्या नोकरीच्या संस्कारात बसत नाही. परवा एका आजोबांना त्यांनी गंभीरपणे विचारलं, "टेलिकोड आहे का?"

"आहे की," आजोबा म्हणाले, "शून्य एकवीस बासष्ट. अख्ख्या साताऱ्याचा तोच आहे."