आली का?

फाइल आली का हे पाहणं हा कुणाचा पोटापाण्याचा धंदा असू शकतो, यावर आमच्या सोसायटीतल्या निवृत्त मंडळींचा अजून विश्वास नाही. सरकारी नोकरीत हयात गेलेल्यांच्या मते फाइल आपणहून कधी येतच नसते, तिच्यामागे शिपाई लावावा लागतो. पण आमचे पोलरकाका डोंबिवली पूर्वेहून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रोज याच कामाला जातात. पगाराच्या, बिलांच्या, गोदामातल्या मालाच्या फाइली एका सर्व्हरवरून उचलून दुसऱ्यावर पोचवणारं सॉफ्टवेअर ते सांभाळतात. त्यातला जो भाग दर मिनिटाला फोल्डरमध्ये डोकावतो त्याला पोलर म्हणतात. ऑफिसातल्या पोरांनी ते नाव काकांना लावलं, आणि ते सोसायटीपर्यंत पोचलं. चुकीचं म्हणता येत नाही. कुकरची शिट्टी होईपर्यंत हा माणूस स्वयंपाकघराच्या दारात किती वेळा येऊन जातो, ते काकूंना विचारा.

दुखणं असं की काकांच्या फाइली एका राज्यातल्या नाहीत. काही विंडोजवर, काही लिनक्सवर. पत्त्यातली तिरकी रेघ इकडे उलटी, तिकडे सुलटी. मोठ्या एसची सॅलरी आणि छोट्या एसची सॅलरी विंडोजला एकच वाटते, लिनक्स त्या दोन वेगळ्या फाइली धरतो. ओळ संपली की विंडोज दोन अदृश्य चिन्हं टाकतो, टेलिप्रिंटरचा गाडा मागे न्या आणि कागद वर सरकवा अशा अर्थाची. टेलिप्रिंटर भंगारात गेले, चिन्हं राहिली. लिनक्स एकावरच भागवतो. उघडून ठेवलेली फाइल विंडोज सहसा हलवू देत नाही, लिनक्स खुशाल हलवू देतो. काका या दोघांबद्दल बोलतात तेव्हा एकत्र कुटुंबातल्या दोन जावांमध्ये सापडलेल्या दिराचा स्वर लागतो.

एकदा लोकलची वाट पाहताना त्यांच्या ऑफिसातल्या एका नव्या मुलाने विचारलं, "सर, दर मिनिटाला बघायचंच कशाला? ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः सांगते की. लिनक्समध्ये २००५ पासून आयनोटिफाय आहे, विंडोजमध्येही तशी सोय आहे."

"आणि फोल्डर नेटवर्कवरचा असला, दुसऱ्या मशीनने परस्पर फाइल टाकली, तर तुझ्या आयनोटिफायला कोण कळवणार?"

मुलगा गप्प. काकांनी त्याला प्लॅटफॉर्म दाखवला. इंडिकेटर डोक्यावर लखलखत होता आणि त्याच्याखाली अख्खी गर्दी ठाकुर्लीच्या दिशेने माना लांब करून रुळांकडे बघत होती.

"सगळे पोलर," काका समाधानाने म्हणाले.

मात्र काकांचं खरं तत्त्वज्ञान 'आली'च्या पुढचं आहे. एका महिन्यात पगाराची फाइल लिहून होण्याआधीच सॉफ्टवेअरने उचलली. इंग्रजी अक्षरक्रमाने अभ्यंकरांपासून कुलकर्ण्यांपर्यंत सगळ्यांचे पगार झाले, लिमयांपासून वैद्यांपर्यंत सगळे कोरडे. काकांचं आडनाव एसवरून. कुलकर्ण्यांनी त्या संध्याकाळी पेढे वाटले म्हणतात, पण ती दंतकथा असावी. तेव्हापासून काकांचा नियम असा: फाइल दिसली तरी हात लावायचा नाही, पुन्हा बघायचं, आकार तोच असेल तरच उचलायची. त्याहून बरं म्हणजे पाठवणाऱ्याने ती आधी भलत्याच नावाने लिहायची आणि पुरी झाली की नाव बदलायचं. त्याच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट राहत नाही. तेही जमत नसेल, तर काम संपल्यावर शेजारी एक रिकामी 'डन' फाइल ठेवायची.

हा नियम घरात शिरला नसता तरच नवल. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला कल्याणहून पाहुणे आले, तेव्हा काकू कढईत वडे सोडणार इतक्यात काका आडवे आले. "थांब. मगाशी पाच होते, आता सहा झालेत. अजून लिहिणं चालू आहे." सहावा खाली गाडी लावून आला होता. पुढच्या मिनिटालाही सहाच भरले, तेव्हा वडे सुटले.

बोलणी रंगली असताना लेक म्हणाली, "मी लग्नानंतर नाव बदलणार नाही. पहिलंही नाही आणि आडनावही नाही." मुलाकडचे घुटमळले. मुलाच्या आईने चहाचा कप खाली ठेवला. सगळे काकांकडे बघू लागले. काका खरोखरच चिंतेत पडले होते.

"तत्त्व म्हणून माझी काही हरकत नाही," ते म्हणाले, "पण मग पूर्ण झालं हे कळायचं कसं?"

"बाबा, विवाह नोंदणीचा दाखला असतो ना. ती तुमची डन फाइल."

काकांनी क्षणभर विचार केला.

"चालेल. फक्त ती लग्नाच्या आधी येता कामा नये."