उतरला म्हणजे चालला का?

"वहिनी, माझी मापाची टेप आलीय का हो तुमच्याकडे? ब्लाउज बेतायला बसले आणि टेपच गायब."

"पोरांनी नेली असेल ताई. काल गच्चीवर त्यांची ती वॉरहॅमर ४०,०००ची लढाई चालली होती ना."

"हो, काल मलाच पंच केलं की! इंग्लंडात १९८७ साली निघालेला खेळ, आणि न्याय करायचा हेब्बाळच्या शिंपिणीनं. आमच्या धाकट्याचा बंदूकवाला खोक्यांच्या पडक्या बुरुजावर, वर पाच इंचांवर. तुमच्या थोरल्यानं चिलखतवाले आणून उतरवले थेट त्याच्या पुढ्यात."

"आणले म्हणजे? चालत?"

"छे! चालायचं तर त्यांना एका डावात पाचच इंच. हे आभाळातून टपकतात, डीप स्ट्राईक म्हणे. अट एकच, शत्रूपासून नऊ इंचांच्या पलीकडे उतरायचं. तुमच्या लबाडानं टेप धरली तिरकी, बुरुजाच्या टोकापासून खाली. भरले नऊच्या वर. म्हटलं, बाळा, पाठीची उंची घेताना अशी तिरकी टेप धरली तर गिऱ्हाईक ब्लाउज तोंडावर फेकेल. नियम वाच. वाचला, तर त्यात अंतर आडवं मोजायचं लिहिलेलं! आडवं होतं आठ. पण पोर गुणी हो, स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मुकाट्यानं माणसं मागे घेतली."

"मग रात्रीपर्यंत आरडाओरडा कशाचा होता?"

"ते पुढचं. मागे उतरवल्याबरोबर आमच्यानं त्याच्यावर गोळी झाडली. तुमचा म्हणतो, माझा माणूस चाललाच नाही, मग चालताना झाडायची गोळी कशी चालेल? मुद्दा बिनतोड वाटला मला. पण २०२३ च्या पुस्तकात साफ लिहिलंय, शत्रू चाल सुरू करताना, संपवताना किंवा नुसता पटावर मांडला तरी अशी गोळी झाडता येते. फक्त फाशावर सहा पडले तरच लागते. 'मांडला' हा शब्द वेगळा घातलाय, म्हणजे लिहिणाऱ्यांनाही ही भांडणं ठाऊक होती."

"म्हणजे उतरणं हे चालणं नाही."

"थांबा की! मग तुमचा म्हणतो, चाललो नाही तर एका जागी उभं राहून नेम धरल्याचा फायदा द्या. तोही नाही. भिंत आड येत नाही, शत्रू आड येत नाही, वाटच नसते, तरी हिशेबाला तो चाललेलाच धरायचा."

"आमच्या जावयासारखं. पुण्याहून विमानानं येतात आणि प्रवासानं दमलो म्हणून आडवे होतात."

"अगदी! विमानतळावरून हेब्बाळचा फ्लायओव्हर गाठेपर्यंत दमतही असतील, ते सोडा. मला तर मामंजींचं बुद्धिबळ आठवलं. देशी खेळात राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता यायची, मधे कुणी का असेना. विलायती कॅसलिंगमधे मात्र राजा ज्या घरावरून जातो, त्यावर शत्रूचा मारा असला की चाल बाद. एकीकडे वाट मोजतात, दुसरीकडे मोजतच नाहीत. मामंजी आणि त्यांचे मित्र यावरून आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत."

"शेवटी जिंकलं कोण?"

"हल्ला करायला दोन फाशांची बेरीज नऊ किंवा जास्त हवी होती. छत्तीसातल्या दहाच जोड्या तशा. तुमच्याला पडले आठ. मग जो काय गोंधळ घातलाय!"

"थांबा, टेप आणते... ही बघा, फाशांच्या डबीतच होती."

"ही? अगंबाई, ही कुठली! ही माझी जुनी. लेकीनं लहानपणी हिचा पहिला इंच कात्रीनं उडवलाय, एकपासूनच सुरू होते. मी टाकून दिली होती की!"

"म्हणजे काल नऊ वाचले ते..."

"हळू बोला, थोरला गच्चीवरच आहे. आणा ती इकडे."