काकांची ऐंशी

भटजी माणसाचं आयुष्य शांतींवरून मोजतात, आमचे पोस्टातले काका टक्क्यांवरून. साठीशांत म्हणजे बँकेच्या ठेवीवर अर्धा टक्का जास्त आणि पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं दार उघडलं. पंचाहत्तरी म्हणजे निवृत्त होताना विकलेलं पेन्शन पंधरा वर्षांनी परत सुरू झालं. काकांचं ते सुरू झालं तेव्हा त्यांनी सगळ्या सोसायटीत पेढे वाटले. नातू झाला तेव्हाही वाटले होते, पण फक्त आमच्या जिन्यात, असं काकू सांगतात.

असा एक काका प्रत्येक सोसायटीत असतोच. आमचे टपाल खात्यातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, ते फक्त कागदोपत्री. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गोंदाची बाटली, शाईचं पॅड आणि एका पाकिटात पासपोर्ट आकाराचे फोटो. स्वतःचे नव्हेत, आमचे. कुणाचा फॉर्म कधी भरायची वेळ येईल सांगता येत नाही, म्हणून इमारतीतल्या साठीपुढच्या सगळ्यांचे दोन-दोन त्यांनी जमवून ठेवलेत.

तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनिअरसाहेबांच्या साठीला लोकांनी शाल-श्रीफळ दिलं. काकांनी फॉर्म दिला. "तीस लाखांपर्यंत टाकता येतात. आधी पंधराच होते, 2023च्या एप्रिलपासून तीस केले. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 येतील. पण ते लगेच उचलायचे बरं का. तिथं पडून राहिलेल्या व्याजाला व्याज नसतं." हे शेवटचं वाक्य ते इतक्या कळवळ्यानं बोलतात, की ते व्याज बिचारं पावसात उभं आहे असं वाटावं. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीला ठरवतं. जाहीर व्हायच्या त्या संध्याकाळी काका जिन्यात भेटले तरी ओळख दाखवत नाहीत.

काकांचा धर्म एकच, मुद्दल बुडता कामा नये. बँक ठेवींवरचं विम्याचं कवच 2020च्या फेब्रुवारीत एक लाखाचं पाच लाख झालं. व्याजासकट पाच, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून पाच, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ आहे. संयुक्त खात्यात नावांचा क्रम बदलला की कवच वेगळं धरतात, हे कळल्यावर काकांनी इमारतीतल्या जोडप्यांची खाती बसवून दिली. एका खात्यात नवरा आधी, दुसऱ्यात बायको आधी. बायकांना बरोबरीनं वागवण्याचं एवढं काम आमच्या महिला मंडळालाही जमलं नव्हतं. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हे कवच नसतं. काकांनी मला ते दोनदा सांगितलं होतं. दीड टक्का जास्त मिळतोय म्हणून मी ऐकलं नाही. आता मी ठेवीदारांच्या सभांना जातो. चहा बरा असतो.

नोव्हेंबर हा काकांचा चातुर्मास. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा तो महिना. ऐंशी ओलांडलेल्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यामुळे काकांचा उत्साह दसऱ्यालाच सुरू होतो. बी विंगमधल्या आजींचे यजमान रेल्वेत होते, त्यामुळे आजींना कुटुंबनिवृत्तिवेतन आहे. जन्मभर भांडी घासून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या, मशीन ओळखेना. मग काकांनी मोबाइल आजींच्या चेहऱ्यासमोर धरला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडले, "आजी, डोळे मिचकावा!" आजी लाजल्या. "अहो, सरकारला मिचकवायचेत, मला नव्हे!"

या आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत. पंच्याऐंशीला मूळ पेन्शनवर तीस टक्के जादा मिळतात, म्हणून काकांनी त्यांना माळ्यावर चढायची बंदी केली आहे. केंद्राचा हा तक्ता काकांना मुखोद्गत आहे: ऐंशीला वीस, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, शंभरीला शंभर. त्यामुळे "शतायुषी व्हा" हा आशीर्वाद काका देतात तेव्हा त्यात पूर्ण हिशेब असतो. कुणी सत्त्याहत्तराव्या वर्षी गेलं की स्मशानातून परतताना ते हळहळतात, "मुदतीआधी मोडली हो."

एकदाच काका हरले. पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांचा फ्लॅट कोटीच्या पुढचा, आणि मास्तर मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणारे. काकांनी त्यांना रिव्हर्स मॉर्टगेज समजावलं. ही योजना 2007 सालच्या अर्थसंकल्पातली. घर तुमचंच, राहायचं तुम्हीच, दरमहा पैसे बँक देणार, आणि तुम्ही दोघं हयात असेपर्यंत फेडायचं काही नाही. पुढं मुलानं कर्ज फेडून घर सोडवावं, नाहीतर बँक विकून आपले घेईल आणि उरलेले त्याला देईल. काकांनी वहीवर आकडेसुद्धा मांडले. मास्तर डोलायला लागले होते. तेवढ्यात वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. "या घराचे हप्ते फेडायला ह्यांनी वीस वर्षं रात्रशाळेत शिकवलं. वास्तुशांतीला सत्यनारायण घातला, आता गहाण टाकायला कुठला घालू?" मग बंगळुरूहून मुलाचा फोन आला, आणि त्यानंतर त्याचे फोन आठवड्याला दोनदा येऊ लागले. काका म्हणतात, योजना लागू न होताच लाभ सुरू झाला. मास्तर मंडईत अजून घासाघीस करतात. माझ्या मते वहिनींचं चुकलंच, पण हे मी त्यांच्या तोंडावर बोलणार नाही. पोहे फार छान करतात.

आता खुद्द काका ऐंशी पूर्ण करताहेत, 27 फेब्रुवारीला. ज्या महिन्यात ऐंशी पूर्ण होतात, त्या महिन्याच्या एक तारखेपासूनच वीस टक्के धरतात. हजारावा पूर्णचंद्र दिसायला त्यानंतर आणखी दहाएक महिने लागतात, म्हणजे भटजींच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या कितीतरी आधी काकांचा चंद्र उगवतो. गेलं वर्षभर त्यांनी साखर सोडली आहे, जिना कठड्याला धरून उतरतात, स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. काकू म्हणाल्या, "माझ्यासाठी कधी एवढा जपला नाही जीव."

जेवायचं आमंत्रण सगळ्या इमारतीला आहे. 27ला नव्हे, 1 फेब्रुवारीला.