जमिनीतला बेडूक ओळखा : नवशिक्यांसाठी

दक्षिण आफ्रिकेत बेडकांच्या पाहणीला निघालात? अभिनंदन, आणि थोडी सहानुभूतीही. जो प्राणी मोजायचा तो वर्षातले बरेच महिने जमिनीखाली असतो. फॉर्मवर मात्र ‘जातीचे नाव’ हा रकाना आहे, आणि तो कोरा सोडला तर मानधन अडकते.

१. महिना नीट निवडा. जोहान्सबर्गजवळच्या बंगल्यांच्या प्लॉटवर महाकाय बुलफ्रॉग निघाला तर बिल्डरच्या पोटात गोळा येतो. म्हणून जुलैत जा. कोरडा हिवाळा, आणि बेडूक सुटलेल्या कातडीचे आवरण लपेटून तुमच्या बुटांखाली गाढ झोपलेला. ‘आढळला नाही’ असे लिहा. शपथेवर लिहा, खोटे ठरणार नाही.

२. पावसाळ्यातच पाठवले तर टाच बघा. तिथे फावड्यासारखा कडक उंचवटा असेल तर हा खणणारा बेडूक. कोणता? घाई नको. हेमिसस तर टाचेला त्रासच देत नाही, नाकाडानेच माती उकरतो.

३. आता टोमोप्टेर्ना, म्हणजे वाळूतले बेडूक. क्रिप्टोटिस आणि टँडी या दोन जाती शेजारी शेजारी ठेवल्या तरी फरक दिसत नाही. एकीच्या पेशीत २६ गुणसूत्रे, दुसरीच्या ५२. टॉर्च जवळ नेऊन मोजू नका, बेडूक वैतागतो. टँडीला वेगळे नाव मिळाले तेच १९९६ साली, त्यामुळे त्याआधीच्या वह्या बिनधास्त दोघांच्या नावावर धरा. खरी ओळख हाकेच्या लयीवरून पटते. पण तुम्ही चिखलात पाऊल टाकताच हाक बंद होते. अर्धा तास पुतळा होऊन उभे राहा. डास चावतील, चावू द्या. तरीही तो बोललाच नाही तर ‘टँडी, बहुधा’ लिहा आणि घरी जाऊन ‘बहुधा’ खोडा. (आपल्याकडचे बिळातले बेडूकही पूर्वी टोमोप्टेर्नातच धरत. ‘हा तर आमच्या बांधावरचा!’ असे तिथे ओरडू नका.)

४. ब्रेव्हिसेप्स उचलताच टम्म फुगतो. लांबी फुगण्याआधीची की नंतरची, हे अहवालाच्या गरजेनुसार ठरवा. नराचे हात मादीला कवेत घ्यायला अपुरे, म्हणून तो तिच्या पाठीला चिकटद्रवाने डकलेला असतो. ओढून सोडवू नका. दोन मोजा आणि पुढे चला.

५. शेवटी बुलफ्रॉग. कुत्र्यासारखा तुटक भुंकला तर एड्युलिस, खोल घुमला तर ॲडस्पर्सस. दुसऱ्याचा नर पिल्लांची राखण करतो आणि खालच्या जबड्यातल्या दोन सुळ्यांनी कडाडून चावतो. ही खूण अचूक आहे. ती तपासायला हात सहायकाचा वापरा.