अजिंक्य, पण पाऊण तासात

जंजिरा बघायला निघालेल्या मराठी माणसाची मोठी गोची असते. रायगडावर, प्रतापगडावर काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. कुणीतरी गारद म्हणायची, बाकीच्यांनी ‘जय’ म्हणायचं आणि मग झुणका-भाकरीकडे वळायचं. जंजिऱ्याची पंचाईत अशी, की किल्ला अजिंक्य. आणि तो ज्यांना जिंकता आला नाही त्यांच्या यादीत आपलीच माणसं सगळ्यात वर. मग घोषणा द्यायची तर कुणाच्या नावाने? राजपुरीच्या धक्क्यावर कॉलेजच्या काही पोरांनी ती दिलीही. पण समोर पाण्यात तो काळा तट ढिम्म उभा. दुसऱ्या ‘जय’ला आवाज जरा उतरला आणि तिसरा कुणी म्हटलाच नाही. एकाने सेल्फी काढून प्रसंग सावरला.

आमच्यात ही जबाबदारी दाजींवर होती. दाजी बँकेतून निवृत्त झाल्यापासून इतिहासाकडे वळलेत आणि बँकेतली सवय म्हणून इतिहासाचाही ताळेबंद जुळवून बघतात. पुस्तकांच्या समासात पेन्सिलीने खुणा, खिशात टिपणांची वही. ताईची तयारी वेगळी होती: पाण्याच्या बाटल्या, चिवडा, आवळासुपारी आणि ‘होडी हलते का हो?’ हा प्रश्न. तो तिने तिकीटवाल्याला, शहाळीवाल्याला आणि शेवटी होडीच्या तांडेलाला विचारला. तांडेल म्हणाला, “मावशी, नाय हलली तर पोचेल कशी?”

होडी शिडाची. त्यात कुणी कुठे बसायचं ते तांडेल ठरवतो. हुद्दा, वय, जोडीने आलात की एकटे, यातलं काही तो बघत नाही. तो फक्त वजन बघतो. दाजी डाव्या अंगाला, ताई उजव्या. लग्नाला एवढी वर्षं होऊनही कुणी इतक्या झटकन त्यांचा समतोल साधला नसेल. शीड फिरलं की “डोकी खाली!” अशी आरोळी येते. तेवढ्यापुरते सगळे नम्र होतात.

गाइड आमच्याच होडीत होता. तो होडीतच सुरू होतो, कारण पैसे माणशी वाटून घ्यायची बोलणी किनारा सुटल्यावर बरी जमतात. मध्येच उतरून कोण जाणार? “दरवाजा दिसतोय का कुणाला?” त्याने विचारलं. कुणालाच दिसत नव्हता. होडी तटाच्या पार जवळ गेली तरी समोर नुसती भिंतच. मग एकदम दोन बुरुजांच्या बेचक्यातून कमान पुढे आली. “शत्रूलापण असाच नव्हता दिसत,” तो म्हणाला, आणि वर्गणीची टोपी फिरली.

जंजिरा कुणाला का घेता आला नाही, हे पुस्तक न वाचताही निम्मं कळतं ते उतरताना. धक्काबिक्का काही नव्हता, दरवाज्याच्या पायऱ्या थेट पाण्यात. खालच्या पायरीवर हिरवंगार शेवाळ आणि दगडाच्या कडेला चिकटलेली कालवं, त्यांची धार अशी की चप्पलही सांभाळून टेकावी. होडी लाटेबरोबर वर जाते, खाली येते. वर असते तो क्षण खलाशी हेरतो, मनगट धरतो, “आत्ता!” म्हणतो, आणि पुढच्या क्षणी तुम्ही किल्ल्यावर तरी असता नाहीतर त्याच्या गळ्यात. ताईची पर्स आधी गेली, मग चपला, मग चिवडा आणि सर्वांत शेवटी ताई. हे सगळं दिवसाढवळ्या, मदतीला तीन-चार हात असताना. वरून तोफा चालू असताना, रात्री, अंगावर हत्यार घेऊन इथे चढायचं म्हणजे काय, याचा विचार करत दाजी बराच वेळ त्या पायरीकडे बघत राहिले. मागच्या माणसाने ढकललं तेव्हा हलले.

आत शिरताना भिंतीवर एक शिल्प आहे. वाघ म्हणा, सिंह म्हणा, जाणकार त्याला शरभ म्हणतात. त्याने पंज्यांत हत्ती दाबून धरलेत, शेपटीतही एक अडकवलाय. “हा सिद्दी,” गाइडने शरभाकडे बोट दाखवलं. “आणि हे हत्ती म्हणजे बाकीचे.” बाकीचे म्हणजे कोण हे त्याने सांगितलं नाही. मराठी पाहुणे असले की तो सांगत नसावा.

आणि मग बावीस सुरू झाले.

किल्ला बावीस एकर. बांधायला बावीस वर्षं. बुरूज बावीस. मोठ्या तोफेचं वजन बावीस टन. दाजींनी वही काढली. “बुरूज एकोणीस आहेत. बऱ्याच पुस्तकांत एकोणीसच दिलेत,” ते म्हणाले. गाइड अजिबात चिडला नाही. “साहेब, पुस्तकवाले बाहेरून मोजतात,” तो म्हणाला आणि पुढे चालू लागला. आमच्याबरोबर आलेल्या भाच्याने बुरूज मोजून निकाल लावायचा विडा उचलला होता, पण तटाला वळणं फार. तिसऱ्या वळणावर त्याला कैऱ्या विकणारी बाई भेटली आणि संशोधन तिथेच थांबलं.

माझं मत विचाराल तर मी गाइडच्या बाजूचा. पाऊण तासात होडी परत न्यायची असते. तेवढ्यात पाचशे वर्षं, घामेजलेली लहान पोरं, गुडघे धरून बसणाऱ्या मावश्या आणि एक निवृत्त बँक अधिकारी, एवढं सगळं सांभाळायचं. त्यात प्रत्येक आकडा वेगळा ठेवला तर लक्षात कुणाच्या राहणार? एकच आकडा सगळीकडे वापरला की ओझं कमी होतं.

तोफांपाशी गर्दी होती. कलाल बांगडी, लांडा कासम आणि चावरी ही तीन नावं पोरं पाठ करत होती. कलाल बांगडीवर हात ठेवायला सांगून गाइडने विचारलं, “गरम लागते का?” सगळे म्हणाले, “नाही!” “पंचधातूची आहे. उन्हात तापत नाही.” सकाळचे नऊ वाजले होते, तापायचं तर तिथे अजून काहीच तापलं नव्हतं, दाजी सोडून. पण मनगटाहून जाड कड्या, लांबच लांब नळी आणि तिचं समुद्रावर रोखलेलं तोंड पाहिलं, की धातू चार की पाच याला फारसा अर्थ उरत नाही.

मूळचा किल्ला कोळ्यांचा. राम पाटलाने चाच्यांपासून बचावासाठी इथे लाकडी मेढेकोट उभारला आणि पुढे तो निजामशाहीलाच जुमानेना. मग निजामशाहीचा पिरमखान व्यापाऱ्याच्या वेशात आला, दारूची पिंपं उतरवली, आणि कोट झिंगलेला असताना ताब्यात घेतला. अजिंक्य किल्ल्याची सुरुवात अशी एका पार्टीने होते. हे ऐकून कॉलेजची पोरं पहिल्यांदा मनापासून इतिहासात रमली.

भरसमुद्रात गोड्या पाण्याची दोन तळी आहेत. ती बघून ताई म्हणाली, “आमच्या सोसायटीला टँकर लागतो.” सुरुलखानाच्या पडक्या वाड्याला बाहेरूनच रामराम केला. दर्या दरवाजा बघितला. समुद्राखालून राजपुरीला जाणारा भुयारी मार्ग न बघताच मान्य केला, कारण तो ‘बंद’ आहे. भुयार असलं की ते बंदच असतं.

बालेकिल्ल्याकडे चढताना मात्र गाइड एका जोत्यापाशी थांबला. चिरे अर्धे ढासळलेले, मधून रुईचं झाड आलेलं. “इथं माझ्या आजीच्या माहेरचं घर,” तो म्हणाला. आत वस्ती होती, मोहल्ले होते, लग्नं लागायची. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, हळूहळू लोक राजपुरीला उतरले. त्या तिथल्या चिऱ्यावर आजी मसाला वाटायची, असं काहीतरी तो सांगू लागला. दाजींनी वही सरसावून विचारलं, “खोल्या किती होत्या?” गाइड थोडा घोटाळला. “ते नाय माहीत,” तो म्हणाला. त्या पाऊण तासात त्याला आकडा न सुचलेली जागा ती एकच. ताईने त्याला आवळासुपारी दिली.

वरून वायव्येला कासा खडकावरचा पद्मदुर्ग दिसतो, आणि इथे आमच्या गोचीवर गाइडकडे तयार उतारा होता. “आपल्या सिद्दींनी जंजिरा दिला नाय, म्हणून आपल्या महाराजांनी समोरच दुसरा उभा केला.” एका वाक्यात दोन्ही घरं राखून तो बाजूला झाला. दाजी खुलले. मग व्याख्यान त्यांचं. पद्मदुर्ग उभा राहत असताना तिथे पैसा आणि धान्य वेळेवर पोचवलं नाही म्हणून शिवाजी महाराजांनी १६७५ मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, पत्रातून असं काही झापलंय की आजही वाचताना आपलंच बिल अडल्याचा राग निवतो. पद्मदुर्गाचे चिरे खाऱ्या वाऱ्याने खाऊन आत गेलेत, मधल्या चुन्याच्या रेघा मात्र तशाच पुढे उरल्यात. “दगडाहून दर्जा टिकला, सुभेदाराचं बिल थकलेलं असूनसुद्धा!” दाजी म्हणाले.

१६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर खाडीच बुजवायला घेतली होती. दगड, लाकूड टाकून किनाऱ्यापासून तटापर्यंत सेतू. तेवढ्यात मुघल फौज कल्याण-भिवंडीकडे उतरली आणि काम अर्ध्यावर सोडून फिरावं लागलं. ताईने खाली पाण्याकडे बघून विचारलं, “झाला असता तर आपण चालत आलो असतो ना?” इतिहासाकडून इतकी रास्त अपेक्षा मी फार कमी लोकांना ठेवताना पाहिलं आहे.

“चला, चला! भरती उतरतेय!” गाइडने टाळ्या वाजवल्या. दाजींनी जाता जाता त्याला गाठलंच. “खरं सांगा, तुम्ही स्वतः कुणाच्या बाजूचे?” तो म्हणाला, “साहेब, आत्ता मी तांडेलाच्या बाजूचा. तो सोडून गेला तर संध्याकाळपर्यंत आपण दोघंच.”

चढताना क्रम उलटा झाला: आधी ताई, मग चिवडा. होडीत आमच्या शेजारी नागपूरचं एक जोडपं होतं. ते गर्दीत मागे पडलं होतं आणि त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं. गाइड नाळेपाशी डोळे मिटून पडला होता. नागपूरकर दाजींना म्हणाले, “काका, तुम्हाले माहीत दिसते. कोनी चढलंच नाही का जी याच्यावर?”

दाजी तयारच होते. त्यांनी लाय पाटलाची गोष्ट सांगितली. मोरोपंतांच्या मोहिमेत हा कोळी रात्री अंधारातून तटाला जाऊन भिडला, शिड्या लावल्या, आणि मोरोपंतांची कुमक वेळेवर आली नाही म्हणून पहाटे शिड्या काढून परत फिरला. महाराज पालखीचा मान देऊ लागले. दर्यात फिरणाऱ्याला पालखी काय कामाची म्हणून त्याने नाकारली. मग त्याला एक गलबत दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’. दाजी रंगात आले होते. वारा सुटला होता, शीड भरलं होतं, आणि आजूबाजूची चार-सहा डोकी पुढे झुकली होती.

“नुसत्या लावल्या नाहीत!” दाजी गरजले. “एका रात्रीत, आवाज न करता, बावीस शिड्या!”

नाळेवर गाइडने एक डोळा उघडला.