चांगदेवांचे हिट पॉइंट किती?

साहित्य: एक वही, एक पेन्सिल, दोन खोडरबर (एक पुरत नाही) आणि वीस तोंडांचा फासा. फासा शोधत जालन्याच्या बाजारात हिंडू नका, मी हिंडलो आहे. सळ्या हव्या तितक्या, बियाणं हव्या त्या वाणाचं. पण वीस तोंडांचा फासा म्हटल्यावर दुकानदारानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सापशिडीचा डबा पुढं सरकवला. तो घेऊन ठेवा. पुढं त्याचा संबंध येतो.

ज्यांच्या घरात हे वारं अजून शिरलं नाही त्यांच्यासाठी: डंजन्स अँड ड्रॅगन्स हा 1974 साली अमेरिकेत निघालेला बैठा खेळ. चौघं-पाचजण टेबलाभोवती (आमच्याकडे सतरंजीवर) बसतात, प्रत्येकजण एकेक पात्र होतो, एकजण गोष्ट रचत नेतो आणि अडलं की फासा टाकतात. गोष्ट सांगणाऱ्याला डीएम म्हणतात. ‘मामा, रविवारी मी डीएम आहे,’ असं भाच्यानं फोनवर सांगितलं तेव्हा पोरगं जिल्हाधिकारी झालं म्हणून पाव किलो पेढे घेऊन गेलेला माणूस मीच.

आता मांत्रिक निवडा. परदेशी नको. त्यांच्या कादंबरीतल्या जादूगार गँडाल्फचं काय झालं पाहा: 1977 साली ‘द ड्रॅगन’ मासिकात एकानं हिशोब मांडून दाखवला की तो फक्त पाचव्या पातळीचा जादूगार आहे. एवढी दाढी, एवढी काठी, आणि पातळी पाचवी! मच्छिंद्रनाथांच्याही वाटेला जाऊ नका. ‘नवनाथ भक्तिसारा’चे अध्याय 40, आणि जवळपास प्रत्येकात नवं अस्त्र, वही संपेल. योगी चांगदेव घ्या. वाहन, हत्यार, वय, सगळं कथेत तयार मिळतं. त्यांच्या नावाचं गाव पूर्णेकाठी, पण भोकरदनकरांनी ते ऐकून हुरळून जाऊ नये. चांगदेव हे गाव ज्या पूर्णेवर आहे ती मुक्ताईनगरजवळ तापीला मिळते; आपली पूर्णा गोदावरीची.

सोप्यापासून सुरू करा. वाहन: वाघ. 2014 सालच्या नियमपुस्तकात वाघाला 37 हिट पॉइंट दिलेत, म्हणजे सदतीस गुणांचा मार खाऊन तो आडवा होतो. हत्यार: चाबूक, त्याला चार तोंडांचा फासा. पण चांगदेवांच्या हातातला चाबूक म्हणजे जिवंत साप, त्यामुळे विषाचे वेगळे गुण धरा. साप चाबकाला चावतो की चाबूक सापाला, यावर आमच्याकडे अर्धा तास गेला आणि चहा दोनदा झाला.

मग हिट पॉइंट. इथं पुस्तक हात टेकतं. खेळात पात्र मरायला टेकलं की वीस तोंडांचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं की पास, तीनदा पास झालात की जीव तगला. चांगदेवांकडे काळ दर शंभर वर्षांनी यायचा आणि ते प्राण ब्रह्मांडात चढवून बसायचे. काळ दार वाजवून परत जायचा. असं चौदा वेळा. भाचा म्हणाला, ‘मामा, हा माणूस फासा लबाडीनं टाकतो.’ आतून आई ओरडली, ‘अरे, योगी आहेत ते! फाशावर मोजायलास व्हय रे?’ हिट पॉइंटांच्या चौकोनात आम्ही ‘1400 वर्षं’ लिहून टाकलं.

सहा गुण भरताना पहिले चार बिनघोर भरा. ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी: सगळीकडे वीस. माणसावर छाप पाडण्यातही वीस, कारण शिष्यांचा केवढा लवाजमा मागे. उरतं शहाणपण. इथं पहिला खोडरबर संपतो.

कारण ते पत्र. आळंदीच्या ज्ञानदेवांना पत्र लिहायचं, तर मायन्यात काय घालायचं? वयानं पोर, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं. ज्ञानानं मोठा, म्हणून ‘तीर्थरूप’ लिहावं. काही सुचेना, तेव्हा त्यांनी कागद कोराच धाडला. ज्ञानदेवांची बहीण मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. शहाणपणाच्या चौकोनात भाच्यानं आधी तीन लिहिले. मी म्हटलं, ज्याला आपल्याला काय लिहावं ते कळत नाही हे कळतं, त्याला तीन कसे? अठरा केले. मग पुन्हा खोडले, कारण पुढं तेच गृहस्थ वाघावर बसून निघाले.

आता लढत. समोर चार भावंडं. परंपरेच्या हिशोबानं थोरले निवृत्तिनाथही पंचविशीच्या आत. हत्यार नाही, वाहन नाही. बसायला एक पडकी भिंत. पाहुणा वाघावरून येतोय म्हटल्यावर ज्ञानदेवांनी भिंतीलाच सामोरं जायला सांगितलं. पुस्तकात भिंतीला कवच आहे, हिट पॉइंट आहेत, वेग मात्र नाही. मी भाच्याला ‘प्रभात’च्या 1940 सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’मधली चालणारी भिंत दाखवली. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘फासा कुणी टाकला?’

कुणीच नाही. चांगदेव वाघावरून उतरले. कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणून आलेल्या 65 ओव्या ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून आजही वाचतात, आणि त्यांनी गुरू केलं ते चौघांतल्या सगळ्यात धाकटीला, मुक्ताबाईला. आणि तो सापशिडीचा डबा? त्या खेळाचं मूळ जो मोक्षपट, तो ज्ञानदेवांनीच रचला असं आपल्याकडे सांगतात. म्हणजे चांगदेव साप हातात घेऊन कुणाकडे गेले होते ते बघा!

तर पात्राचं पत्रक असं: वरच्या ओळीत नाव लिहा, वाघ आणि साप नोंदवा, शहाणपणाचा चौकोन कोरा सोडा. आमचा कोराच आहे, फक्त खोडून खोडून तिथं कागदाला भोक पडलंय.

आळंदीला गेलात तर ती भिंत अजून दाखवतात. लांबी, उंची आणि जाडी मोजून कळवा. पुढच्या रविवारी भाच्याला चांगदेव नकोत, भिंत व्हायचंय.