पुढील स्टेशन

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. सोसायटीच्या सभेत वाढीव पाणीपट्टीविरुद्ध तावातावाने उठलो आणि 'पंखा जरा कमी करता का?' एवढंच विचारून खाली बसलो. तेव्हापासून अल्बर्ट एलिस वाचतोय.

न्यूयॉर्कच्या या मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी वाचकांपर्यंत ती आणली कि. मो. फडक्यांनी. एलिस म्हणतो, प्रसंग छळत नाही. 'लोकांनी मला नावं ठेवताच कामा नयेत' हा आपला हट्ट छळतो. तो स्वतःही मुलखाचा लाजाळू. १९व्या वर्षी ब्राँक्सच्या बागेत त्याने महिनाभर शंभरेक मुलींशी मुद्दाम बोलणं काढलं. भेटायचं एकीनेच कबूल केलं, तीही आली नाही.

बागेचा प्रयोग आमच्या घरी मंजूर होण्यासारखा नव्हता. म्हणून त्याचा दुसरा व्यायाम घेतला: भर गाडीत उभं राहून मोठ्यांदा स्टेशनांची नावं पुकारायची. लोक वेड्यात काढतात, लाजेने मेल्यासारखं होतं, आणि तरी आपण मरत नाही हे कळतं.

ठाण्याला स्लो लोकल पकडली, डोळे मिटले आणि ओरडलो, "मुलुंड!"

कोणी मान वळवली नाही. "नाहूर!"वर एक आजोबा म्हणाले, "बरं झालं, तो बोर्ड बंदच आहे. कुर्ला आलं की सांगा हो." भांडुपला एकाने भायखळ्याची चौकशी केली. विक्रोळीला "सरका, त्यांना बोलू द्या," म्हणत लोकांनी मला दाराशी जागा दिली. हा व्यायाम योजताना एलिसने मध्य रेल्वेचा विचार केलेला दिसत नाही.

अंगात आलं होतं. घाटकोपर सुटताच गर्जलो, "कुर्लाऽऽ!" मधलं विद्याविहार राहूनच गेलं, ते बहुतेकांचं राहतं. आजोबा पिशव्यांसकट उतरले. गाडी हलल्यावर मला पाटी दिसली, डब्यालाही दिसली.

"माहीत नाही तर बोंबलता कशाला?"

"म्हातारा माणूस हो तो!"

लाज आली, हवी होती त्याहून पुष्कळच. एलिसच्या मते अशा वेळी झाल्या गोष्टीचं वाईट वाटून घ्यावं, पण स्वतःला नालायक ठरवू नये. ते दुसरं काम डब्याने अंगावर घेतलं.

कुर्ल्याला उतरून उलट्या गाडीने विद्याविहार गाठलं. आजोबा बाकावर बसले होते. मला पाहून त्यांनी पिशव्या सरकवल्या, जागा करून दिली आणि म्हणाले, "ड्यूटीचा पहिलाच दिवस वाटतं?"